मुंबईला गेलात तर रिझर्व्ह बँकही बघून या



मुंबईला गेलं की आपल्या बायकांची यादी ठरलेली असते. बोरिवलीला त्रिमूर्तीचं दर्शन, मग गेटवे, राणीचा बाग आणि वेळ उरला तर मंगळदास मार्केटात कापड. मीही इतकी वर्षं तेवढंच करत आले. मागच्या खेपेला मात्र भाच्याला म्हटलं, "मला रिझर्व्ह बँक बघायची आहे."

तो हसायलाच लागला. "मामी, बँक काय बघायची? तिथं आत कुणाला सोडत नाहीत. लॉकर बघायचंय का तुम्हाला?"

लॉकर बघायचं नव्हतं. माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला होता, आणि त्याचं उत्तर जिथं मिळेल तिथं जायचं होतं. तो प्रश्न कुठून आला ते आधी सांगते. सांगायला सोपं नाही, पण आपण इथं घरातलं बोलतो, तर हेही बोलू.

आपल्या मंदिराच्या महिला मंडळाचा हिशेब काही वर्षं माझ्याकडे होता. चातुर्मासाला मुनिसंघ आला की आहाराची व्यवस्था, पर्युषणातला खर्च, विधानाचं सामान, असं सगळं त्यातून निघायचं. थोडे थोडे करून एक लाख चाळीस हजार जमले होते. बँकेत व्याज कमी मिळतं म्हणून मी ते एका पतसंस्थेत ठेवले. दोन टक्के जास्त मिळणार होते. संचालक ओळखीचे, ऑफिस बाजारातच, रोज येता-जाता नमस्कार. पावतीही सुंदर छापलेली. एक दिवस शटर खाली आलं ते आलंच.

मंडळातल्या बायका मला काही बोलल्या नाहीत. पण एक आजी आहेत आपल्याकडे, एकट्या राहतात. रोज दर्शन झालं की दहा रुपये मंडळाच्या डब्यात टाकायच्या, कधी खाडा नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझे दहा-दहा रुपये कुठं गेले गं?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे गेले हे कळत होतं. कुठं गेले, कुणाच्या भरवशावर ठेवले होते, तो भरवसा कुणी दिला होता, हे मी ठेवताना विचारलंच नव्हतं. सगळ्या पैशाची जिथं सुरुवात होते म्हणतात, ते ठिकाण म्हणून एकदा बघावंसं वाटलं.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, डोळे दाखवायला मुंबईला न्यायचंच होतं. सूर्यास्ताच्या आत जेवून घेतलं, सकाळसाठी दशम्या बांधल्या आणि औशाहून लातूरला जाऊन रात्रीची गाडी धरली. आईंनी बटव्यात काहीतरी जपून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "तिथं गेल्यावर दाखवते."

भाच्याचं म्हणणं निम्मं खरं निघालं. सीएसएमटीवरून चालत फोर्टात गेलो. शहीद भगतसिंग रस्त्यावर रिझर्व्ह बँकेची ती उंच इमारत आहे, तिच्या दारात बंदूकधारी पहारा आहे, आणि आपल्यासारख्यांना ती बाहेरूनच बघायची. समोरच्या बाजूला खांबांची जुनी टांकसाळ आहे, जवळच हॉर्निमन सर्कल आणि टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या. पण तिथून थोड्याच अंतरावर, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये, बँकेनं चलनाचं संग्रहालय केलं आहे. १८ नोव्हेंबर २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलामांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथं आपल्याला जाता येतं. जाण्याआधी सुट्टीचा वार आणि वेळ तेवढी विचारून घ्या.

आत गेलं की अडीच हजार वर्षांचा बाजार कपाटात मांडलेला दिसतो. सुरुवातीला चांदीचे वेडेवाकडे तुकडे, त्यांवर सूर्य, झाड, डोंगर असे ठसे. भगवान महावीरांच्या काळी असलीच नाणी चालत होती. पुढं सातवाहनांची, गुप्तांची सोन्याची, मोगलांची, आपल्या महाराजांची शिवराई. बघता बघता आम्ही संस्थानांच्या नाण्यांपाशी आलो, आणि आई थांबल्या. बटवा उघडला. आतून चांदीचा रुपया निघाला. त्यावर चारमिनार.

"आगं, हा बघ की. आपला हाली."

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हाली आणि कलदार हे शब्द अजून त्यांच्या तोंडात आहेत. आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांच्या मुलखातला, यंत्रावर पाडलेला तो कलदार. सोलापूर-बार्शीचा व्यापार कलदारात आणि औसा-लातूरचा हालीत. आईंच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्या सांगतात, लहानपणी पाढ्यांच्या आधी हिशेब पाठ झाला, सात हाली म्हणजे सहा कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, १७ तारखेला मराठवाडा सुटला. दोन-तीन वर्षांत निजामाचे रुपये काढणं बंद झालं, भारताचा रुपया आला, आणि हाली हळूहळू व्यवहारातून गेला. १९५९ साली तो कायमचा रद्द झाला. सात देऊन सहा घ्यायचे, हे कळणाऱ्यांनी वेळेत बदलून घेतले. ज्या बायकांनी पिठाच्या डब्यात आणि भिंतीच्या कोनाड्यात गुपचूप ठेवले होते, त्यांना उशिरा कळलं. चांदीच्या नाण्याला निदान चांदीचा भाव आला. कागदी हालीचा नुसता कागद राहिला.

आईंनी तो रुपया काचेला लावून बघितला. आतला आणि हातातला सारखाच. म्हणाल्या, "राजा गेला, त्याचा शब्द गेला."

मैत्रिणींनो, मला जे समजून घ्यायचं होतं ते आईंनी चार शब्दांत सांगून टाकलं. पैसा म्हणजे कुणाचा तरी शब्द. नाणं, नोट, पावती, पासबुक ही त्या शब्दाची नुसती रूपं. म्हणून पैसा हातात आला की पहिला प्रश्न "किती?" हा नाही. पहिला प्रश्न "शब्द कुणाचा?" हा आहे. मी मंडळाचे पैसे ठेवताना "किती टक्के?" एवढंच विचारलं होतं.

हे आपल्या घराण्यांना नवीन नाही, हे मला पुढच्या कपाटापाशी कळलं. तिथं हुंड्या आहेत. जुन्या मोडीतल्या, महाजनी अक्षरातल्या. बँका नव्हत्या तेव्हा आपल्या पेढ्या याच कागदावर मुलूखभर पैसा फिरवत होत्या. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला दिवस ठरलेले. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायचे, वाटेल त्याला नाही. जोखमी हुंडी मालाशी बांधलेली, माल सुखरूप पोचला तरच पैसे. हुंडी हरवली तर दुसरी लिहायची, तिला पैठ म्हणायचे, तीही हरवली तर परपैठ. एवढा विचार केलेला होता! आणि या सगळ्यामागं ना सरकार ना पोलीस. हुंडी परत गेली, स्वीकारली गेली नाही, तर त्या पेढीचं नाव बाजारातून उठायचं. शब्दाला जपायचं कारण एवढंच, पण ते पुरत होतं.

आपल्या पूर्वजांचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकू नये. ज्या वह्यांत हुंड्या लिहिल्या गेल्या, त्याच वह्यांत शेतकऱ्याच्या बायकोच्या पाटल्याही गहाण लिहिल्या गेल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तेव्हा त्यांचा राग कागदावर होता. त्या कागदातला शब्द एकाच बाजूचा आहे, असं त्यांना वाटत होतं. शब्द दोन्ही बाजूंना कळलेला असावा लागतो. समोरच्याला न कळता त्याच्याकडून घेतलेल्या सहीला मी शब्द म्हणणार नाही.

मग कागदी नोटांचं दालन येतं. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. तेव्हा तिचं मुख्य ऑफिस कोलकात्याला होतं, १९३७ मध्ये ते कायमचं मुंबईला आलं. बँकेनं स्वतःच्या नोटा काढल्या १९३८ मध्ये, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या. त्याच वर्षी दहा हजारांची नोटही निघाली होती! सुरुवातीला बँक खाजगी भागधारकांची होती, १ जानेवारी १९४९ ला ती सरकारची झाली. आणि पहिले भारतीय गव्हर्नर आपले मराठी होते, चिंतामणराव देशमुख, रायगडाजवळच्या नाते गावचे. १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले. पुढं देशाचे अर्थमंत्री असताना मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडलं. नोटेवर सही करणाऱ्या माणसाचा शब्द कसा असावा, ते त्यावरून कळतं.

आता तुमच्या पर्समधली शंभराची नोट काढा. खरंच काढा. तिच्यावर गव्हर्नरची सही आहे आणि सहीच्या वर लिहिलंय की धारकाला शंभर रुपये देण्याचं मी वचन देतो. मागच्या बाजूला पंधरा भाषांचा पट्टा आहे, त्यात आपली मराठीही आहे. आपण इतकी वर्षं नोटा मोजतो, पण हे वचन किती जणींनी वाचलंय? मी तरी वाचलं नव्हतं.

आणि एक गंमत. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं. ती रिझर्व्ह बँकेची नोटच नाही. ती भारत सरकारची, तिच्यावर अर्थ सचिवांची सही. बाकीच्या नोटा रुपये देण्याचं वचन आहेत आणि एक रुपया हा स्वतःच रुपया आहे. नाणीही सरकारच पाडतं, बँक फक्त ती वाटते. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचं पाच रुपयांचं नाणं २००१ साली निघालं होतं, पुष्कळ जणींनी देवघरात ठेवलं असेल, तेही सरकारचंच. आपण आहेराला एकावन्न, एकशे एक देतो ना? त्यातले पन्नास, शंभर हे बँकेचं वचन आणि वरचा एक सरकारचा सच्चा रुपया. हे ऐकून आईंना फार आनंद झाला. म्हणाल्या, "म्हणजे वरचा रुपया द्यायची रीत उगीच नव्हती."

असली वचनं मोडतात तेव्हा काय होतं, त्याचीही जगभर उदाहरणं आहेत. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ साली स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये निघाल्या. तिथली नाणी तांब्याची आणि इतकी जड, की कागद सगळ्यांनाच आवडला. मग बँकेनं हाती असलेल्या पैशापेक्षा जास्त नोटा वाटल्या. लोक नोटा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा द्यायला पैसे नव्हते. ती बँक बुडाली, आणि त्यातून शहाणं होऊन १६६८ साली जी बँक काढली, ती आज जगातली सगळ्यात जुनी मध्यवर्ती बँक आहे. मोठमोठ्या देशांनाही ठेच लागूनच कळलं. आपल्याला एकदा लागली तर लाज वाटून घेऊ नये, पण तीच ठेच दोनदा लागू देऊ नये.

यावर तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, म्हणून तर आम्ही सोनं घेतो. सोनं कुणाचा शब्द नाही, ते बुडत नाही. बरोबर आहे. मीही दर दिवाळीला गुंजभर का होईना घेते. देशसुद्धा तेच करतो. १९९१ साली परदेशाचं देणं द्यायला डॉलर उरले नव्हते, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे तारण ठेवून पैसे उभे केले. आपल्याकडे पेरणीच्या वेळी घरातल्या बाईच्या पाटल्या जातात, तसंच की ते. पण तिथं किती सोनं, कुणाकडे, किती पैशासाठी, हे कागदावर होतं. सगळ्या देशाला कळलं, वाद झाला, आणि कर्ज पुढं फिटलं. आपल्या घरातल्या पाटल्या जातात तेव्हा किती जणींना माहीत असतं की त्या कुठं आहेत, किती व्याजानं आहेत आणि सोडवायची तारीख कधीची?

आणि लपवून ठेवलेल्या सोन्याचं काय होतं, ते आपल्या तालुक्याला कुणी सांगायला नको. किल्लारी आपल्या औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीची रात्र उलटलेली. त्या दगडमातीच्या रुंद भिंती, ज्यांच्या भरवशावर माणसं निजली होती, त्याच अंगावर आल्या. हजारो जीव गेले. तिथं सोन्याचं दुःख कोण करणार? पण मागं राहिलेल्यांना जगायचं होतं, आणि भिंतीत, चुलीमागं काय ठेवलंय हे जिला एकटीला माहीत होतं, ती राहिली नव्हती. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीतही लपवलेल्या पैशाचं तेच झालं. साडीच्या घडीतून, डाळीच्या डब्यातून पाचशेच्या नोटा बाहेर आल्या आणि किती तरी बायकांना घरातल्या पुरुषांपुढं मान खाली घालून त्या द्याव्या लागल्या. जणू चोरी केली होती. अहो, ती चोरी नव्हती, काटकसर होती. पण लपवलेली काटकसर आपली आहे हे सिद्ध कसं करणार?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. संग्रहालयातून निघताना तिथल्या एका बाईंना मी विचारलं, "आमच्याकडची पतसंस्थाही तुमच्याच हाताखाली असते ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही. बँक आमच्याकडे, पतसंस्था सहकार खात्याकडे." माझ्या पायाखालची फरशी हलली. दोन्हींच्या नावात "सहकारी" असतं, दोन्हीकडे पासबुक असतं, काउंटर असतो, दिवाळीला कॅलेंडर मिळतं. मला वाटायचं, सगळं एकच.

एकच नाही, बायांनो. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकांतल्या ठेवींना विमा सुरू झाला. तेव्हा दीड हजारांचा होता, १९९३ मध्ये एक लाखाचा झाला आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा आहे. मुद्दल आणि व्याज धरून, दर माणसी, दर बँकेला पाच लाख. हप्ता बँकच भरते. हा विमा व्यापारी बँकांना आहे, ग्रामीण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. म्हणजे मी मंडळाचे पैसे बाजारातल्याच एखाद्या बँकेत ठेवले असते, तर ती बँक बुडाली असती तरी आजींचे दहा-दहा रुपये परत आले असते.

सगळ्या पतसंस्था वाईट, असं मी म्हणत नाही. कितीतरी गावांत त्यांनी गरिबाला वेळेला कर्ज दिलंय, बँकेच्या दारात ज्याला कुणी उभं करत नव्हतं त्याला. चांगली माणसं चालवत असतील, आपण सभासद असू, ताळेबंद वाचत असू, वार्षिक सभेला जात असू, तर जरूर ठेवावे. पण तिथं मागं उभं आहे ते त्या माणसांचं वचन, रिझर्व्ह बँकेचं नाही, हे माहीत असून ठेवावे. आणि धर्मादायाचा पैसा, दुसऱ्याच्या विश्वासाचा पैसा, तिथं ठेवूच नये. हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी एक लाख चाळीस हजार देऊन मिळवलंय.

"आपल्याला काय करायचंय पैशाचं? आपला धर्म अपरिग्रहाचा." हेही मी ऐकलंय, आणि बोलणाऱ्या बाईंच्या हातात चार-चार बांगड्या होत्या. मुनी महाराज पिच्छी-कमंडलू घेऊन निघतात, त्यांना पैशाचं काही विचारायचं कारण नाही. आपण श्राविका. आपल्याला अणुव्रत सांगितलंय, परिग्रहाचं परिमाण करायला सांगितलंय. जमीन-घर, सोनं-चांदी, धन-धान्य, प्रत्येकाची मर्यादा. पण किती आहे हेच माहीत नाही, ती मर्यादा कशाची घालणार? हिशेब न करता घातलेली मर्यादा म्हणजे न बघता गाळलेलं पाणी.

अचौर्य व्रताचे अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेत. त्यात हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे मापात कमी-जास्त करणं. प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटं, भेसळीचं चालवणं. लहानपणी मला वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे, तुरीत खडे घालणाऱ्यांसाठी. संग्रहालयात खरी नोट कशी ओळखायची ते बघताना मनात आलं, की मीही खोटं खऱ्याच्या जागी चालवलं. पतसंस्थेची पावती बँकेचीच आहे असं समजून मी मंडळापुढं ठेवली होती. हेतू वाईट नव्हता. पण दोन टक्क्यांचा लोभ होता, आणि आपण दरवर्षी दशलक्षणात चौथ्या दिवशी उत्तम शौच म्हणून ज्याचा त्याग ऐकतो, तो हाच.

म्हणून मी परत आल्यावर तीन गोष्टी केल्या. मंडळाचं खातं बँकेत, दोघींच्या सहीनं उघडलं. पासबुकाची झेरॉक्स दर चतुर्दशीला मंदिराच्या फलकावर लावते, म्हणजे ज्या बाईला वाचता येतं ती वाचते आणि जिला येत नाही ती विचारते. दुसरं, माझी स्वतःची बचत डब्यातून काढून माझ्या नावच्या खात्यात टाकली, वारस म्हणून मुलीचं नाव लावलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं. यजमान आधी गप्प बसले, मग म्हणाले, "बरं केलंस, मलाही किती आहे ते कळलं." तिसरं, जुन्या घरातल्या विसरलेल्या खात्यांचा शोध. दहा वर्षं कुणी न विचारलेले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरतात, पण ते बुडत नाहीत, वारसाला मागता येतात. २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथं नाव टाकून कितीतरी बँकांतलं एकदम शोधता येतं. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जिला आपण "हैदराबाद बँक" म्हणत आलो, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं एखादं जुनं पासबुक पेटीत असेल तर टाकून देऊ नका.

मंडळाच्या गेलेल्या पैशाचं म्हणाल, तर मी ते हप्त्याहप्त्यानं भरते आहे. बायका नको म्हणाल्या. पण हिशेब माझ्याकडे होता, शब्द माझा होता. अजून बराच बाकी आहे.

आजींना मी मुंबईहून आल्यावर सगळं सांगितलं. टांकसाळ, चारमिनारचा रुपया, नोटेवरचं वचन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दर्शनानंतर नेहमीसारखे दहा रुपये काढले, डब्यात टाकायच्या आधी नोट डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "ते वचन कुठं लिहिलंय गं?"

मी बोट ठेवून दाखवलं.

तर मैत्रिणींनो, मुंबईला गेलात की दर्शन घ्या, गेटवे बघा, कापडही घ्या. पण एक सकाळ फोर्टात काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या, त्यांच्या बटव्यात काय निघेल सांगता येत नाही. मुलींना न्या, सुनांना तर जरूर न्या. आणि येताना हा एक प्रश्न घेऊन या: माझा पैसा कुणाच्या शब्दावर ठेवलाय?

हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही, त्याबद्दल मंडळातल्या प्रत्येकीची पुन्हा एकदा मनापासून क्षमा मागते. उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.